धाकटीची भिवई

१९ जून १९३४, अमरावती

दालन ताब्यात मिळाले. दालन हा मोठा शब्द झाला. कॅम्पातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या कचेरीची ही लांब खोली आहे आणि सरकीचा वास भिंतींतून अजून गेलेला नाही. मुंबईहून काचेची कपाटे आली. त्यांतल्या एकाची काच बडनेऱ्याला गाडीतून उतरवतानाच फुटली. हमाल म्हणाला, बरं झालं, आता हवा लागेल.

संग्रहालय मंडळाचे चिटणीस उत्तमराव. नांदगावकडे त्यांची काळीची मोठी शेती आहे आणि आवाज शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाईल असा. ते येऊन पाठीवर थाप मारून गेले. म्हणाले, "मास्तर, भादव्यात कमिशनरसायेबाच्या हातून उघडायचं. जमलं त तुमी कायम. नाई जमलं त अकोल्याची शाळा आहेच."

अकोल्याची शाळा आता नाही. मी राजीनामा देऊन, चहापार्टी घेऊन, भाषण करून आलो आणि माझ्या जागी दुसरा चित्रकला शिक्षक आलासुद्धा. हे बायकोला, सत्यभामेला, सांगितलेले नाही.

नव्या बिऱ्हाडाच्या दारात आमच्या बाईसाहेबांनी रांगोळी काढली होती. मोराची मान नेहमीप्रमाणे वाकडी. बाहेर पडताना मी बोटाने सरळ करून दिली. लग्न झाल्यापासून करतो आहे, पण तिच्या हाताला वळण म्हणून लागत नाही.

२४ जून

भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती आल्या, पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आले, गावच्या दंडारीच्या खेळातली रावणाची सोंगे आली. मंडळाचा ठराव असा की दोन भाग करायचे, एक पूर्वीच्या कामाचा आणि एक हल्लीच्या. हल्लीच्या कामात मला काडीचा रस नाही. कुणी टिनाचा बैल करतो, कुणी मूर्तीला सायकलचा रंग फासतो. पण ठराव तो ठराव.

दुपारी एक माळीण आली. नाव माणिकबाई. बडनेऱ्याच्या रस्त्याला तिची वाडी आहे, इतवाऱ्यात भाजी आणि झेंडू विकते. डोक्यावरची टोपली उतरवली, वरची अंबाडीची पेंडी बाजूला केली आणि खालून पांढऱ्या फडक्यात बांधलेला एक मुखवटा काढला. तिच्या घरच्या महालक्ष्म्यांपैकी धाकटी. भादव्यात दोघी बहिणी घरी येतात त्यांतली लहान. मातीची, पण हातात वजनदार, कारण दरवर्षी तिच्यावर रंगाचा नवा हात चढत आलेला. त्यांच्या घरचा रिवाज असा की थोरलीला सासूने रंगवायचे आणि धाकटीला सुनेने.

मला वाटले, किंमत सांगेल. तिने पैशाची गोष्टच काढली नाही. विचारले ते भलतेच.

"मास्तर, तुमच्याइथं जे येते ते जसंच्या तसं राह्यते म्हणे?"

मी जरा फुगलोच. सांगितले की संग्रहालय यालाच म्हणतात बाई, वस्तू आली तशी राहते.

"वरून कोनी रंग देत नाही ना? पुसतगिसत नाही ना?"

नाही म्हणालो.

"सबद देता?"

दिला. तिने मुखवट्याला डोके टेकले आणि रिकामी टोपली घेऊन गेली. या वर्षी घरी काय बसवणार असे विचारले तर पातूरच्या चिताऱ्याकडे नवी धाकटी सांगितली आहे म्हणाली. घरात नवी सून आली आहे, तिला नवी. चांगली जुनी असताना नवी कशाला, हे काही समजले नाही. खेड्यातल्या लोकांना नव्याची हौस फार.

नियमाप्रमाणे मुखवट्याचे जलरंगात चित्र करून ठेवले. चेहरा गोल, नाक बसके. डावी भिवई मधेच सुटून कपाळावर चढलेली आहे, त्यामुळे देवी हसू दाबते आहे असे वाटते. वरचा हात कुण्या नवशिक्या बाईचा असावा. चांगल्या वस्तू अशाच हातांनी बिघडतात.

१ जुलै

बाजार आटोपून माणिकबाई आली. कपाटापुढे उभी राहिली, झेंडूचे एक फूल काचेपाशी ठेवले आणि पुन्हा तेच. काचेत ठेवल्यावर रंग जात नाही ना जी? उन्हाने उडत नाही ना? मी म्हणालो की तुमच्या घरी चुलीच्या धुरात होती त्यापेक्षा इथे सुखात आहे. ती हसली नाही. सत्यभामा माझा डबा घेऊन आली होती, ती तिच्याशी बोलत बसली. दोघी पायरीवर बसल्या आणि मी आत उपाशी. घरी येताना सत्यभामेच्या पदरात वांगी होती. म्हणजे मैत्री झाली, भाजी स्वस्त मिळेल.

१५ जुलै

उत्तमराव पाहणीला आले. बैल आवडले, रावण आवडला. धाकटीपुढे थांबले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाले, ही काहून हासून राहिली? कमिशनरसाहेबाला वाटेल आपल्यालाच हसते आहे. मग नखाने कानामागे खरवडले. मी अहो-अहो म्हणेपर्यंत खपली निघाली, आणि खाली चकचकीत तांबूस रंग दिसला. रोगण दिलेला. वरचे सगळे थर डिंकातले आहेत, पण अगदी तळाशी जुन्या कसबी चिताऱ्याचे काम आहे.

मला घाम फुटला. असे काम मी मुंबईला शिकत असताना एकदाच पाहिले होते. उत्तमराव म्हणाले, "हे काढा वर. हे खरं जुनं. मंग पाहा कसं दालन उघडते ते."

घरी सांगितले. सत्यभामा भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता विचारले, "तिले इचारलं का?"

मी म्हणालो की वस्तू आता संग्रहाची आहे. आणि मी रंग देत तर नाही, उलट काढतो आहे, शब्द मोडतो कुठे? भाकरी मात्र करपली.

२२ जुलै

आजच्यासारखे काम मी जन्मात केलेले नाही.

कोमट पाणी, कापूस आणि मऊ फडकी. डिंकाचा रंग भिजला की सुटतो, घासावे लागत नाही. आधी गुलाबी गेला, मग त्याच्याखालचा पिवळा, मग पुन्हा गुलाबी, मग एक हिरवट, ज्यात भिवया काजळाच्या जाड होत्या. एकेक चेहरा वर यायचा आणि कापसावर निघून जायचा. मी थांबू शकत नव्हतो. शेवटी रोगण लागले आणि खालून ती आली. मोठे ताणलेले डोळे, दोन्ही भिवया एका हिसक्यात काढलेल्या, जिवणी मिटलेली. अशी शांत की मीच उठून उभा राहिलो. शंभर वर्षांपूर्वीची तरी असेल.

रंगाने माखलेली फडकी घरी धुवायला दिली. आज झोप लागणार नाही, पण आनंदाने.

ता. क. बाजारचा दिवस असून माणिकबाई आली नाही. वाडीवर पाणी फार झाले असे सत्यभामा म्हणते. बरेच झाले.

२९ जुलै

आज ती आली. लांबून तिचे हिरवे लुगडे दिसले आणि मी काय करावे? धाकटीच्या काचेवर चादर टाकली. आधी ठरवले नव्हते, हातानेच केले. म्हणालो की दालनाचे काम चालू आहे, उद्घाटनापर्यंत हे झाकलेलेच राहील. तिने चादरीपुढे फूल ठेवले.

"रंग गेला नाही ना जी?"

"नाही," मी म्हणालो.

काम तर उत्तम झाले आहे. मग चादर कशाला? तिला कळले तर तीही खूश होईल. आपल्या घरात इतकी जुनी वस्तू होती हे कळून कोण खूश होणार नाही?

३ ऑगस्ट

सत्यभामा इतवाऱ्यातून आली ती पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली. तिचे बोलणे आहे तसे उतरवतो.

"तिची सून होती ना शकुन, थे मागच्या पुसाच्या महिन्यात गेली. बाळंतपणात. लेकरूही नाही राह्यलं. मागच्या भादव्यात धाकटी तिनंच रंगवली होती. भिवई तिरपी झाली म्हणून मानिकबाईनं तिले चार बायांत बोल लावला. म्हने, देवाचं तोंड वाकडं केलं, तुह्या मायनं हेच शिकवलं का. तं शकुन हासली. म्हने, आत्याबाई, पुढच्या वर्सी सरळ काढतो."

ती थांबली नाही.

"आता तिच्या लेकाचं, सूर्यभानचं, दुसरं लगन झालं. नवी सून रुख्मिनी चांगली पोरगी आहे. पन धाकटीले सुनेनंच रंगवा लागते. तिचा रंग चढला असता त शकुनचा झाकला गेला असता. म्हनून मानिकबाईनं थे तुमच्या काचीत आनून ठेवली. जसंच्या तसं राह्यते म्हनून."

मग ती पिशवी ठेवून बसली आणि म्हणाली, "थे फडके मीच धुतले. गुलाबी पानी न्हानीत ओतलं."

मी म्हणालो, तुला कुठे ठाऊक होते. तर म्हणाली, तुम्हालाही नव्हते, पण तिने तीन-तीनदा विचारले होते.

मला राग आला. कुणावर ते लिहिता येत नाही. बाईने सरळ सांगायचे होते की! मी काय मनकवडा आहे? सांगितले असते तर मी बोटसुद्धा लावले नसते. खरेच लावले नसते का?

५ ऑगस्ट

आज ती आली आणि मी मागच्या दाराने निघून गेलो. वस्तुसंग्रहाचा क्युरेटर, जिनिंगच्या मागच्या बाभळीत उभा. परत आलो तर चादरीपुढे फूल होते.

१२ ऑगस्ट

उत्तमरावांनी निमंत्रणे छापली. त्यात लिहिले आहे की 'प्राचीन वऱ्हाडी महालक्ष्मीचे प्रथमच दर्शन'. दोन वकील आणि एक डॉक्टर यांना घेऊन आले, चादर उचलली, तिघेही वाहवा करीत राहिले. उत्तमराव म्हणाले, मास्तर, तुमची नोकरी या डोळ्यांवर पक्की झाली समजा. कमिशनरसाहेबांच्या कानावरही घातले आहे.

ते गेल्यावर मी त्या डोळ्यांकडे पाहिले. फार सुंदर आहेत. घरातल्या कुठल्याच बाईने ते पाहिलेले नाहीत, माणिकबाईनेसुद्धा नाही. तिने सून असताना दिलेले रंगही माझ्याच कापसावर गेले. तो हिरवट थर तिचा असेल काय?

१५ ऑगस्ट

नागपंचमी. ठरवले. रंग परत द्यायचा. माझ्याकडे जलरंगातले चित्र आहे, मी मुंबईचा शिकलेला आहे, एका माळणीच्या सुनेचा हात मला उतरवता येऊ नये? उत्तमरावांना आयत्या वेळी कळेल. पुढचे पुढे.

खडू, डिंक, हिंगूळ, काजळ आणले. आधी छपराच्या कवेलूवर हात बसवायला घेतला. गाल जमले. ओठ जमले. भिवई जमली नाही. काढतो ती कमानदार येते.

२३ ऑगस्ट

परसात कवेलूंची रास झाली आहे. प्रत्येकावर एक भिवई आणि प्रत्येक भिवई देखणी. मुद्दाम वाकडी काढावी तर नाटकातल्या खलनायकाची येते. डाव्या हाताने काढून पाहिली, डोळे मिटून काढून पाहिली. डोळे मिटून तर सर्वांत सुबक आली. ज्या वळणासाठी गुरुजींची छडी खाल्ली तेच आता आड येते आहे. हसावे की काय करावे समजत नाही.

दोन रविवार बाजार सुटायच्या वेळी मी दालनात थांबलेलो नाही. शिपाई सांगतो, म्हातारी येते, चादरीपुढे उभी राहते, जाते. चादर उचलत नाही. तिने उचलली असती तर सुटलो असतो.

२ सप्टेंबर

धाकटी घरी आणली. रोगणावर खडूचा हात दिला. ते जुने डोळे पांढऱ्याखाली गेले. मग गुलाबी, मग ओठ, डोळे, उजवी भिवई. सगळे चित्राबरहुकूम. डावी भिवई उरली. कुंचला तीनदा भिजवला आणि तीनदा पुसला.

सत्यभामा निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवून आली. म्हणाली, "द्या इकडं."

दिला कुंचला. तिने धाकटीला मांडीवर घेतले, ओठ दाताखाली धरला आणि ओढली रेघ. मधेच सुटली आणि कपाळावर चढली. धाकटी हसायला लागली.

मी थक्क. विचारले, इतकी बरोबर वाकडी कशी काढलीस?

"वाकडी कुठं काढली?" ती म्हणाली. "मी सरळच काढून राह्यली होती."

तिला वाईट वाटले असावे, कारण ती तांदूळ निवडायला परत गेली. मी चित्र आणि मुखवटा शेजारी ठेवून पाहिले. आता हे शकुनचेच आहे असे कुणीही म्हणेल.

९ सप्टेंबर

उद्या उद्घाटन. धाकटी मी परत कपाटात चादरीखाली ठेवली होती. संध्याकाळी उत्तमरावांनी चादर उचलली.

त्यांचा आवाज ऐकून रस्त्यावरची माणसे थांबली. प्राचीन महालक्ष्मी कुठे गेली? ही भाजीवाली कोण? छापलेल्या निमंत्रणांचे काय करू? मी सगळे सांगितले, माणिकबाईचे, शकुनचे, शब्दाचे. त्यांनी ऐकून घेतले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मग म्हणाले, "मेलेल्या सुनेसाठी जित्या मानसानं उपाशी मरू नये, मास्तर. पुसा. आता पुसा, खाली आहेच थे."

खरेच होते. खाली होतीच. कोमट पाणी, कापूस, तासाभराचे काम. सकाळी मी कायम झालो असतो.

मी नाही म्हणालो. माझाच आवाज ओळखू आला नाही. ते म्हणाले, मग ही ठेवा हल्लीच्या भागात, त्या टिनाच्या बैलामागे, आणि गणपती उठायच्या आत अकोल्याची गाडी पकडा. मी मान डोलावली. अकोल्याला काय आहे ते त्यांना सांगितले नाही. सत्यभामेला सांगितले, सगळे, राजीनाम्यापासून. ती म्हणाली, माहीत आहे, माहेरच्या पत्रात जूनमध्येच आले होते.

मला वाटते आहे की एक गोष्ट तरी निभावली. उद्या माणिकबाई येईल, पाहील, समाधानाने जाईल आणि हे कधीच कुणाला कळणार नाही.

१० सप्टेंबर

कमिशनरसाहेब आले, फीत कापली, रावणापुढे बराच वेळ उभे राहिले. हल्लीच्या भागातून जाताना टिनाच्या बैलामागे वाकून धाकटीकडे पाहिले आणि स्वतःही हसले. उत्तमरावांनी मला मागे सारले होते, तरी ते मला दिसले.

मग वस्तू देणाऱ्यांना आत सोडले. माणिकबाई धुवट लुगडे नेसून आली होती. बरोबर मुलगा सूर्यभान आणि नवी सून रुख्मिणी, तोंडावर पदर ओढलेली. माणिकबाई कपाटापुढे उभी राहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. फूल हातातच होते.

"मास्तर," ती म्हणाली, "हे शकुनचं नाही."

मी तयारी करून आलो होतो. म्हणणार होतो की उजेडाने रंग वेगळा दिसतो. तोंड उघडले आणि मुंबईची भाषा कुठल्या कुठे गेली.

"नाही जी. मी पुसलं थे. खाली जुनं हाय म्हनून पुसलं. मंग पुन्हा काढलं."

"माह्या हातचंबी गेलं मंग."

"गेलं."

सूर्यभान पुढे सरकला. तिने त्याला हाताने अडवले. मी विचारले, तुम्हाला कसे कळले? सगळे चित्रासारखे आहे, कुणालाही फरक सांगता येणार नाही.

ती माझ्याकडे पाहायला लागली. "त्या भिवईपायी मी तिले बोलली होती, मास्तर. मले नाही ओळखू येनार?"

शेजारी रावणाचे सोंग पाहून माणसे हसत होती. मी खाली मान घालून उभा राहिलो. तिने पुन्हा धाकटीकडे पाहिले आणि विचारले की ही भिवई कुणी काढली, ही तुमची नाही.

"आमच्या घरातनं."

"तिले महालक्ष्मीच्या जेवनाले पाठवा."

मग म्हणाली, काच उघडा. मी उघडली. उत्तमराव दुसऱ्या टोकाहून हात हलवत होते, संग्रहाची वस्तू, संग्रहाची वस्तू. मी किल्ली खिशात टाकली. तिने धाकटी उचलली, पदराने नाही, हातानेच, आणि रुख्मिणीच्या हातात दिली. ती पोर इतकी घाबरली की मुखवटा निसटता राहिला.

"काचीत ठेवूनबी राह्यत नाही," माणिकबाई म्हणाली. "घरी चाल."

फूल तिने रिकाम्या जागेत ठेवले नाही. परत नेले.

१६ सप्टेंबर

सकाळी बाहेर पडताना दारात सत्यभामेची रांगोळी होती, महालक्ष्म्यांची पावले. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठे. कडेने गेलो. दालनाचे कुलूप पाहिले, किल्ल्या उद्या द्यायच्या आहेत. कपाटात कार्ड अजून आहे: 'धाकटी महालक्ष्मी, मातीचा मुखवटा.' त्याच्यामागे काही नाही. टिनाचा बैल मात्र उठून दिसतो.

सत्यभामा जेवणाला गेली होती, ती दिवेलागणीला आली. मी सामान बांधत बसलो होतो. विचारायचे नाही असे ठरवले होते आणि ती चप्पल काढते न काढते तोच विचारले.

रंग काल रुख्मिणीनेच दिला म्हणे. आळीतल्या बाया जमल्या होत्या आणि त्या भिवईची कथा आता सगळ्यांना ठाऊक. पोरीने उजवी भिवई कशीबशी निभावली. डावी काढताना कुंचला सटकला आणि रेघ वर चढली, शकुनच्यापेक्षाही वर. रुख्मिणीने कुंचला तसाच हवेत धरला. सासूकडे बघायची तिची हिंमत होईना. बाया बांगडीचा आवाज न करता बसल्या होत्या. हे सगळे आज सत्यभामेला पंगतीत तिघीचौघींनी सांगितले, प्रत्येकीने वेगळे, पण माणिकबाई काय बोलली ते सगळ्यांनी एकसारखेच सांगितले.

"राहू दे. हासू दे तिले."

मग ती आंबील घोटायला म्हणून चुलीपाशी गेली आणि पुष्कळ वेळ बाहेर आली नाही.

सत्यभामेने माझ्यासाठी आंबील आणली आहे, आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेले आणखी काही. सोडले तर पातूरची नवी धाकटी. कोरी. नुसती भाजलेली माती, डोळे नाहीत, भिवया नाहीत. माणिकबाईने तुमच्या काचीसाठी दिली म्हणाली.

मला फार बरे वाटले. बाई मनाने मोठी. मी विचारले, काही निरोप?

सत्यभामेने आंबिलीवरचे झाकण काढले. मग म्हणाली, "म्हने, मास्तरले सांगा, हिच्यावर काहीच नाही. पुसाले नाही लागनार."

आंबील निवत ठेवली होती, ती खाल्ली. किल्ल्या देण्याआधी उद्या मुखवटा कपाटात ठेवायचा आहे.